सर, लिंक उघडंना

(दृश्य: पहाट. बालाघाटचा उतार. कुलपं लागलेली घरं, अंगणात उलटी घातलेली बाज.)

दसरा झाला की बालाघाटातली गावं अर्धी होतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार. बीड जिल्ह्याच्या या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. वाट पश्चिम महाराष्ट्राची, नाहीतर कर्नाटकाची. सोबत भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरं. गावात हंगामी वसतिगृह असलं, तरी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, तान्ह्या भावाला सांभाळायला थोरली पोरगी लागतेच. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिचं नाव हजेरीपटावर राहतं, ती मात्र दोन-तीनशे किलोमीटर लांब असते.

आणि मग एखाद्या संध्याकाळी गुरुजींचा मोबाईल वाजतो. "सर, लिंक उघडंना."

(दृश्य: मोबाईलचा पडदा. गोल फिरत राहिलेलं चक्र.)

पंधरा वर्षांपूर्वी असा निरोप आलाच नसता. पोर उसाच्या फडावर गेली की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, शाळेशी संबंध तुटायचा. 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. पुढच्याच वर्षी दीक्षा हे अभ्यासाचं सरकारी ऑनलाइन व्यासपीठ सुरू झालं आणि बालभारतीच्या पुस्तकांत धड्याशेजारी क्यूआर कोड छापून येऊ लागले. 2020 साली टाळेबंदीत 'शाळा बंद पण शिक्षण आहे' म्हणत रोजच्या अभ्यासाचे दुवे शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊ लागले. तिथून पालकांच्या ग्रुपवर. तिथून... पुढचा टप्पा कागदावर सोपा होता. घरात मोबाईल एक, तो सकाळी वडिलांच्या खिशातून रानात जाणार. रेंज मिळायची ती मारुतीच्या पारावर नाहीतर पाण्याच्या टाकीवर. गुरुजी मग गल्लोगल्ली फिरून ओट्यावर पाच-पाच पोरं बसवायचे.

त्या वर्षात शिक्षकही एकमेकांकडून शिकले, हे फारसं कुणी सांगत नाही. एका बाईंनी घरी बसून केलेली स्वाध्यायपत्रिका रात्रीत चार तालुक्यांत पोचायची. अर्थात त्याच ग्रुपवर 'आज दुपारपर्यंत माहिती सादर करावी, अत्यंत तातडीचे' हेही येतं. त्याचाच मारा जास्त असतो, पण तो वेगळा विषय आहे.

(दृश्य: लातूर. शिकवण्यांच्या पाट्या, सायकली, झेरॉक्सची दुकानं.)

लातूरचं चित्र निराळं. इथं प्रश्न रेंजचा नाही, गर्दीचा आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी नावारूपाला आणलेला 'लातूर पॅटर्न' उभा होता तो सरावावर, चाचण्यांवर आणि सरांच्या नोट्सवर. किनवटच्या, देगलूरच्या पोरानं इथं खोली करून राहायचं, कारण सर इथं होते. आता राजस्थानातल्या कोटा शहरातले शिकवणीचे सर किनवटला मोबाईलवर दिसतात. जिला घरून लातूरला पाठवत नव्हते, ती पोरगी रात्री सगळे झोपल्यावर कानात हेडफोन घालून तोच धडा तीनदा ऐकते. ही गोष्ट लहान नाही.

पण अडलेलं गणित टेलिग्रामवर टाकलं की उत्तरं येतात चार. चालताना तळव्यावर घर्षण कुठल्या दिशेनं लागतं? एक व्हिडिओ सांगतो, मागं, कारण घर्षण गतीला विरोध करतं. दुसरा सांगतो, पुढं. पहिल्याला लाईक जास्त.

भौतिकशास्त्राचे एक सर या भानगडीत उत्तर सांगतच नाहीत. विचारतात, "पावसाळ्यात आपल्या काळ्या रानातून चाललास, तर पाय घसरून कुठं जातो?" मागं. "मग घर्षण त्याला कुठं रोखायलंय?" वर्ग क्षणभर गप्प. मग मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटतं, "पुढं ढकलायलंय की."

उत्तर आधीच पोरांच्या खिशात होतं, चुकीच्या उत्तराशेजारी. त्यातलं खरं कुठलं, हे चिखलात पाय घालून तपासायची सवय लावणं, एवढं काम सरांकडे उरलंय. माझ्या मते पूर्वीपेक्षा ते अवघडच आहे. नोट्स उतरवून देणं त्यापुढं सोपं होतं.

(दृश्य: कॅनडाचा नकाशा, त्यावर पसरत जाणाऱ्या रेषा.)

हा पेच जगात आधी कुणी मुद्दाम ओढवून घेतला असेल, तर कॅनडातल्या जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स या दोघांनी. 2008 मध्ये त्यांनी मॅनिटोबा विद्यापीठातला एक अभ्यासक्रम सगळ्यांना खुला केला. फी भरून बसलेले विद्यार्थी 25 च्या आसपास, इंटरनेटवरून फुकट शिकायला आलेले सुमारे 2,200. ज्ञान एका माणसाच्या डोक्यात साठत नाही, ते माणसामाणसांतल्या जोडण्यांत असतं, हा त्यांचा सिद्धांत. एवढ्या गलबल्यात शिक्षकाचा आवाज अनेकांतला एक झाला. वाट दाखवायची, काय वाचावं ते निवडून द्यायचं, आणि बाजूला व्हायचं.

सिद्धांत पटतो. पण त्यात शिकणारा स्वतःहून येऊन जोडला जातो. ज्या पोरीचा मोबाईल मुकादमाचा आहे, ती जाळ्यात नाही हे जाळ्याला कळत नाही. ग्रुपवर 42 नंबर आहेत, त्यातले 9 कधीच काही पाहत नाहीत, हे गुरुजींना पाठ असतं.

(दृश्य: रात्र. गुरुजींच्या घराची ओसरी.)

आज त्यांनी व्हिडिओ पाठवलाच नाही. आठ ओळींचा उतारा हातानं लिहून, फोटो काढून मुकादमाच्या नंबरवर टाकला. खाली लिहिलं, वाचून पाठव.

साडेनऊला आवाज येतो. मागं ट्रॅक्टर, कुणाचं तरी खोकणं, लहान पोराचं रडणं. पोरगी वाचते. 'क्ष' आला की थांबते, पुन्हा मागून सुरू करते. गुरुजी दोनदा ऐकतात, वहीत काहीतरी टिपतात.

शेवटी ती घाईघाईनं म्हणते, "सर, उद्या फड बदलायलेत. तिथं रेंज असली तर पाठविते."