बाटली क्रमांक ५३-एन

मित्रहो,

सोलापूरच्या नवी पेठेत चहाच्या गाड्यावर दहा मिनिटं थांबलात तरी एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'सगळं सेटिंग असतंय ओ!' डॉक्टर औषध कंपन्यांना सामील, निकाल आधीच ठरलेला, पुरस्कार आपापसांत वाटून घेतलेले. असं बोलणाऱ्याला मी वेडा ठरवणार नाही. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असून ज्या शहरात नळाला दिवसाआड सोडा, चार-चार दिवसांनी पाणी येत आलंय, तिथला माणूस आश्वासनांवर विश्वास कशाला ठेवेल? माझी तक्रार पुढची आहे. हाच माणूस रात्री मोबाइलवर 'इन्सुलिन सोडा, ही पूड घ्या' असं सांगणारा व्हिडिओ बघतो आणि त्याला एक प्रश्न विचारत नाही. दिवसभराची शंका तिथं कुठं जाते?

शंका शेवटपर्यंत नेली तर काय होतं, त्याची एक गोष्ट सांगतो. मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे, नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञानं प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढं लाखो लोकांनी ती घेतली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती, क्रमांक ५३-एन. सरकारनं चौकशी समिती नेमली. हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक आम्ल हे जंतुनाशक घालायचं थांबवून उष्णतेनं निर्जंतुक करायची पद्धत आणली होती. समितीनं त्यावर बोट ठेवलं आणि दोष मुंबईच्या प्रयोगशाळेच्या माथी मारला. हाफकिन यांचं पद गेलं.

आता नीट बघा. अविश्वास इथं दोन्ही बाजूंनी रास्त होता. ज्यांच्या घरची माणसं गेली, त्यांनी लसीवर का विश्वास ठेवावा? आणि सरकारी समितीनं प्रयोगशाळेला दोषी धरलं, तर हाफकिन यांनी समितीवर का ठेवावा? पण हा गुंता सुटला तो नोंदींमुळं. बाटली उघडताना बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता, ही साक्ष कागदावर होती. बाटली उघडल्यावर तिला वास नव्हता, हीही नोंद होती. ती तर कित्येक आठवड्यांपूर्वी भरलेली. धनुर्वाताचे जंतू प्रयोगशाळेतच शिरले असते, तर इतक्या दिवसांत बाटलीला घाण वास सुटला असता. म्हणजे ते गावात, उघडताना शिरले. मलेरियाच्या संशोधनासाठी गाजलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हे मांडलं. हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं. पाच वर्षं त्या माणसानं जे सोसलं त्याची भरपाई मात्र कुणी करू शकलं नाही, आणि ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

सरकारी समिती चुकली, आणि ती चूक उघडी पाडणारेही विज्ञानातलेच होते. पण त्यांच्या हातात साक्षी नसत्या, तर रॉससारख्याचं वजनही उपयोगी पडलं नसतं.

ही विज्ञानातली गोष्ट झाली; संस्कृतीच्या बाबतीत जोतीराव फुल्यांचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना ग्रंथकार सभेचं, म्हणजे मराठी लेखकांच्या मेळाव्याचं, निमंत्रण दिलं. जोतीरावांनी पत्रानं नकार कळवला: शूद्रातिशूद्रांचे हक्क जे मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभेशी आपला मेळ बसणार नाही. इतका रोखठोक अविश्वास! पण हेच जोतीराव १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेत सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागताला हजार रुपये खर्चायचा ठराव आला तेव्हा त्यांनी एकट्यानं विरोध केला. जिथं आत बसून भांडता येत होतं तिथं बसले, जिथं येत नव्हतं तिथं आपला सत्यशोधक समाज उभा केला. आपण घरी बसून 'सगळे चोर' म्हणतो, त्याला मी अविश्वास म्हणायला तयार नाही.

सोलापूरला हे शिकवायची गरज पडू नये. इंग्रज सरकारवर काडीचा भरवसा नसतानाही १९३० साली इथल्या लोकांनी नगरपालिका आपली मानली आणि तिच्यावर राष्ट्रध्वज चढवला. नंतर मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला आपले चार हुतात्मे फासावर गेले.

म्हणून आज एकच काम सुचवतो. तुमच्या पेठेतल्या नळाच्या पाण्याचे नमुने गेल्या सहा महिन्यांत कोणत्या तारखांना घेतले, कोणत्या प्रयोगशाळेत तपासले, निकाल काय आला, याच्या प्रती महापालिकेकडे मागा. माहिती अधिकाराचा अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे; नाही आलं तर पहिलं अपील. प्रती हातात पडल्या की तारखा नीट वाचा. भवानी पेठेत पाणी गढूळ आलं त्या आठवड्यात नमुना घेतलाच नव्हता, असंही निघेल. किंवा घेतला होता आणि पाणी ठीक होतं, असंही निघेल. दोन्हींची तयारी ठेवा. ज्यांनी असा अर्ज कधी लिहिलेला नाही त्यांनी सभा संपल्यावर थांबा, कोरे कागद आणलेत.