ब्लॅकबेरी ऑफिसच्या मेलला कसा जोडायचे, आणि कुलूप नेमकं कुठे असायचं

नमस्कार मंडळी.

(फोन कॅमेऱ्यासमोर धरून) हा ब्लॅकबेरी कर्व्ह, मॉडेल ८३१०. मधोमध ट्रॅकबॉल, खाली पूर्ण कीबोर्ड. २००७-०८ च्या सुमारास बीकेसीतल्या बँकेत किंवा हिंजवडीतल्या आयटी कंपनीत साहेबांच्या कमरेला असा फोन दिसायचा, आणि सगळे म्हणायचे, ‘ब्लॅकबेरी आहे, म्हणजे मेल सेफ आहे.’

हे अर्धंच खरं होतं. एकाच दुकानातून एकच मॉडेल घेतलेल्या दोन माणसांच्या मेलची सुरक्षा अगदी वेगवेगळी असू शकायची. तो फोन सुरू कसा केला, यावर सगळं ठरायचं. आज तेच बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. हा फोन बनवणारी कंपनी रिसर्च इन मोशन, म्हणजे रिम. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातलं वॉटर्लू हे तिचं गाव, आणि माइक लाझारिडिस व डग्लस फ्रेगिन यांनी ती १९८४ मध्ये काढली. १९९९ चा पहिला ब्लॅकबेरी, म्हणजे ८५०, हा मेल दाखवणारा पेजर होता, त्यावरून बोलता यायचं नाही. २००२ च्या ५८१० वरून बोलता यायचं, पण हेडसेट लावूनच. भारतात ही सेवा एअरटेलने २००४ मध्ये आणली.

आता मुद्द्याचं. मेल सुरू करायचे दोन रस्ते होते.

पहिला रस्ता बीआयएस, म्हणजे ब्लॅकबेरी इंटरनेट सर्व्हिस. मोबाइल कंपनीकडून प्लॅन घ्यायचा आणि आपला मेलचा पत्ता व पासवर्ड त्या सेवेला द्यायचा. मग रिमचे सर्व्हर तुमच्या वतीने मेलबॉक्स उघडणार आणि मेल फोनवर ढकलणार. सोपं आणि स्वस्त. पण तुमच्या ऑफिसची स्वतःची अशी चावी, म्हणजे मेल इतरांना वाचता न येणारा करणारा गुप्त संकेत, या रस्त्यात कुठेच नव्हती.

दुसरा रस्ता बीईएस, ब्लॅकबेरी एंटरप्राइझ सर्व्हर. हा कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हर रूममध्ये बसायचा, एक्स्चेंज किंवा लोटस डॉमिनो या ऑफिसच्या मेल सर्व्हरच्या शेजारी. मला यातली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट सांगतो. या सर्व्हरसाठी फायरवॉलमध्ये, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या संरक्षक भिंतीत, बाहेरून आत येणारं एकही दार उघडावं लागायचं नाही. तो स्वतःच आतून बाहेर, ३१०१ या पोर्टवरून, रिमच्या नेटवर्कला जोडून घ्यायचा आणि ती जोडणी धरून ठेवायचा. सगळी ये-जा त्याच वाटेने. त्या काळात फोनवर मेल हवा म्हणून अनेक ठिकाणी मेल सर्व्हरच इंटरनेटवर उघडा केला जायचा. त्यापुढे ही रचना फार विचारपूर्वक केलेली होती.

आणि या वाटेवरून जायचं ते सीलबंद पाकीट. रिम म्हणजे पोस्टमन. पाकीट कुठे न्यायचं हे त्याला कळतं, आत काय आहे ते नाही. चावी दोघांकडेच, ऑफिसच्या सर्व्हरकडे आणि तुमच्या फोनकडे. मजकूर असा चावीने बंद करायला, म्हणजे कूटबद्ध करायला, आधी ट्रिपल डीईएस ही पद्धत होती, पुढे एईएस आली.

मग प्रश्न असा की ही चावी फोनमध्ये पोचायची कशी?

सुरुवातीला फोन केबलने ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडायचे. स्क्रीनवर सूचना यायची की माउस हलवा, आणि त्या वेड्यावाकड्या हालचालींतून चावीसाठी लागणारा यादृच्छिकपणा गोळा व्हायचा. पुढे बीईएसच्या ४.० आवृत्तीत हे बिनतारी झालं, एंटरप्राइझ ॲक्टिव्हेशन. ॲडमिन सर्व्हरवर तुमचं नाव घालणार आणि एक तात्पुरता पासवर्ड देणार. तो साधारण ४८ तासांत बाद व्हायचा आणि एकदाच चालायचा. तुम्ही फोनवर ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, एंटरप्राइझ ॲक्टिव्हेशन असं जायचं, मेलचा पत्ता आणि तो पासवर्ड टाकायचा, आणि थांबायचं.

त्या थांबण्यात काय घडायचं ते बघा. तुमच्याच मेलबॉक्समध्ये एक मेल यायचा, त्याला ईटीपी डॉट डॅट नावाची फाइल जोडलेली. बीईएस तो मेल उचलायचा आणि दोन्ही बाजू मिळून चावी तयार करायच्या. चावी स्वतः हवेतून कधीच जायची नाही. कुणी सगळी देवाणघेवाण टिपून ठेवली, तरी नंतर निवांत बसून पासवर्ड ओळखता येणार नाही, अशी ती पद्धत होती. नंतरही ही मुख्य चावी साधारण दर ३० दिवसांनी आपोआप बदलायची.

ज्यांनी आयटी सपोर्टला काम केलंय त्यांना आठवेल, हे ॲक्टिव्हेशन अडकायचं ते बहुतेक दोनच कारणांनी. एक म्हणजे अँटिव्हायरस ती डॅट फाइल काढून टाकायचा, किंवा आउटलुकमधला एखादा नियम तो मेल इनबॉक्समधून हलवून टाकायचा. दुसरं म्हणजे मोबाइल कंपनीने बीईएसऐवजी बीआयएसचा प्लॅन लावलेला असायचा.

चला, मेल आला. आता फोन हरवला तर?

पासवर्ड लावा, ही पहिली पायरी. दहा वेळा चुकला की फोन स्वतःला पुसून टाकायचा. खिशात कळा दाबल्या जाऊन असं होऊ नये म्हणून काही चुकांनंतर तो ‘ब्लॅकबेरी’ हा शब्द टाइप करायला लावायचा.

पण पासवर्ड म्हणजे दाराचं कुलूप. चिप काढून वाचणाऱ्यासमोर ते पुरत नाही. त्यासाठी कंटेंट प्रोटेक्शन होतं, आणि ते मुळात बंद असायचं! हे माहीत नसलेले लोक खूप होते. ते चालू केलं की फोनमधला मजकूर कूटबद्ध राहायचा, आणि फोन लॉक असताना आलेला नवा मेलसुद्धा अशा रीतीने ठेवला जायचा की पासवर्डशिवाय उघडणार नाही. यात एक अडचण होती. कॉन्टॅक्ट्सही त्यात घेतले, तर लॉक असताना फोन आल्यावर नाव दिसायचं नाही, नुसता नंबर. साहेब लोक वैतागायचे आणि बंद करा म्हणायचे. माझ्या मते कॉन्टॅक्ट्स बाहेर ठेवायचे आणि बाकी सगळं आत, हा तोडगा योग्य होता. संरक्षण साफ बंद करणं नाही.

बीईएसच्या ॲडमिनकडे शेकडो पॉलिसी, म्हणजे फोनवर लावायचे नियम, असायच्या: पासवर्ड किती लांब, किती मिनिटांनी लॉक, कॅमेरा चालू की बंद. त्यातली एक मी सगळ्यात वर ठेवेन, ती म्हणजे बाहेरची ॲप टाकायला बंदी. का, ते जुलै २००९ मध्ये अमिरातीत दिसलं. एतिसलात या मोबाइल कंपनीने ग्राहकांना नेटवर्क सुधारण्यासाठी म्हणून एक अपडेट पाठवला. लोकांच्या बॅटऱ्या झपाट्याने उतरायला लागल्या. तपासल्यावर कळलं की आत पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर आहे. रिमने जाहीर सांगितलं की हा अपडेट आमचा नाही, आणि ते काढायचं साधनही दिलं. मेल वाटेत कितीही सीलबंद असला, तरी फोनवर तो उघडाच वाचला जातो. तिथे कुणी बसलं तर चावीचा उपयोग नाही.

आणि पिन मेसेज. प्रत्येक फोनला आठ अक्षर-अंकांचा पिन असायचा, आणि त्यावर पाठवलेला निरोप खासगी असतो असं लोक समजायचे. पण त्यासाठीची मूळ चावी जगातल्या सगळ्या ब्लॅकबेरींत एकच होती. कंपनीने पॉलिसीतून स्वतःची वेगळी चावी लावली नसेल, तर गुप्त बोलणं पिनवर करू नये.

आता २०१० ची आपली भानगड समजेल. सरकारने रिमला ३१ ऑगस्टची मुदत दिली होती, संदेश तपासायची सोय करा नाहीतर सेवा बंद. रिमचं उत्तर होतं की बीईएसची चावी ग्राहकाकडे असते, आमच्याकडे नाही. पुढे मुंबईत सर्व्हर बसला तो बीआयएस आणि ब्लॅकबेरी मेसेंजर या चॅट सेवेच्या बाजूसाठी. तेच दोन रस्ते!

४ जानेवारी २०२२ पासून या जुन्या फोनांची सेवा बंद आहे. तरी घरात असा एखादा पडून असेल आणि द्यायचा असेल, तर चार्ज करा, आधी मेमरी कार्ड काढा, ते वेगळं फॉरमॅट करावं लागतं. मग सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये वाइप हँडहेल्ड निवडा. तो पुन्हा ‘ब्लॅकबेरी’ टाइप करायला लावेल. यानंतर मेल जातील, पण जुन्या मॉडेलांत कंपनीची पॉलिसी तशीच राहू शकते. कॅमेरा बंद होता तर बंदच राहील. घेणाऱ्याला हे आधी सांगा.