सरळ काड्यांची टाकी

मागच्यांना दिसतंय ना? हे खराट्याचे हीर आहेत, वीसेक, मध्ये रबर घट्ट बांधलंय. आता वरून जरा पीळ देतो… बघा, कंबर आली की नाही! आणि एकही काडी वाकलेली नाहीये, हात लावून बघा, सगळ्या सरळ आहेत, नुसत्या तिरक्या उभ्यात.

बस, पोलिबिनोची टाकी म्हणजे हेच. रशियातलं लिपेत्स्क भागातलं छोटंसं गाव. मी टॉवर म्हटलं की लोक लगेच आयफेल म्हणतात, मला खरंच वाईट वाटतं, कारण अशा आकाराचा जगातला पहिला टॉवर म्हणजे ही पाण्याची टाकी, आणि तिचं नावही कोणाला माहीत नसतं! इंजिनियर व्लादिमीर शुखोव्ह. त्याला हे सुचलं कसं त्याची गोष्ट सांगतात ती मला फार आवडते. ऑफिसात विणलेली टोपली उपडी पडलेली, तिच्यावर कुणीतरी झाडाची जड कुंडी ठेवून दिलेली, आणि टोपली काही दबेना. आपण काय केलं असतं, कुंडी उचलून खिडकीत ठेवली असती आणि कामाला लागलो असतो. हा माणूस टोपलीकडे बघत बसला! तिथून 1896 चं निझ्नी नोव्हगोरोदचं मोठं प्रदर्शन, 80 सरळ लोखंडी पट्ट्या, अर्ध्या एका बाजूला कललेल्या, अर्ध्या दुसऱ्या, मध्ये गोल कड्या, आत गोल जिना आणि डोक्यावर शंभर टनांहून जास्त पाणी. प्रदर्शन संपलं आणि युरी नेचायेव-माल्त्सोव्ह या काच कारखानदाराने टाकी विकत घेऊन पोलिबिनोच्या आपल्या इस्टेटीवर नेली. मॉस्कोच्या कलासंग्रहालयाला, आजच्या पुश्किन म्युझियमला, ज्याने सगळ्यात जास्त पैसा दिला तोच हा. त्याने ती घेतली नसती तर बहुतेक भंगारात गेली असती.

चिठ्ठी आलीये, पाचच मिनिटं. विषय दिला होता पाणी उंचावर का ठेवायचं, तो पटकन सांगतो. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर, प्लंबर म्हणतात तसं. पोलिबिनोची टाकी पंचवीसेक मीटरवर, म्हणजे खाली अडीच किलो मिळतं, नळापाशी वेगळा पंप नको. पंप दिवसभर सावकाश भरत राहतो आणि सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले तरी टाकी पुरवते. वाऱ्याचं म्हणाल तर जाळीतून तो आरपार जातो, म्हणून एवढं लोखंड वाचतं. पुढे 1922 चा मॉस्कोचा शाबोलोव्का रेडिओ टॉवर याच युक्तीवर, असेच सहा मजले एकावर एक. आणि ओका नदीकाठी 1929 चे विजेच्या तारांचे दोन टॉवर होते, 128 मीटरचे, त्यातला एक 2005 मध्ये भंगारचोरांनी कापून नेला, यावर मी तासभर बोलू शकतो पण वेळ नाही.

हे हीर टेबलावर ठेवतोय, कुणाला पिळून बघायचं असेल तर या. रबर फक्त सैल बांधू नका, कंबर येत नाही.