तर्री, यकृत आणि हिरवा चहा

(दृश्य : सकाळ, नागपुरात कस्तुरचंद पार्कजवळ पोह्यांची गाडी)

गंजातल्या चण्याच्या रश्श्यावर लाल तेलाचा तवंग आलाय. डाव हलकेच फिरवून तो तवंगच पोह्यांवर सोडायचा. ही आपली तर्री. मागून साखरेचा कडक चहा. हे रोजचं झालं, वर दिवसभर खुर्ची, की कधीतरी भलत्याच कारणानं केलेल्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' निघतं. दारूला कधी न शिवलेल्यांचंही निघतं, अंगानं बारीक असलेल्यांचंही. यकृताच्या 5 टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठलेली असते, पण दुखत-खुपत काहीच नसतं.

(दृश्य : काचेच्या पेल्यात उलगडणारी पानं)

मग घरचे म्हणतात, ग्रीन टी सुरू कर. झुडूप तेच, टपरीवरच्या चहाचंच. फक्त पान तोडल्यावर लगेच वाफवतात किंवा भाजतात, म्हणून त्यातली कॅटेचिन्स ही पानातली नैसर्गिक द्रव्यं टिकतात. त्यांत मुख्य ईजीसीजी.

भरपूर चरबीचं खाणं दिलेल्या उंदरांना हिरव्या चहाचा अर्क दिला, तेव्हा त्यांच्या यकृतात चरबी कमी साठली. आतड्यात चरबी फोडणाऱ्या लायपेजला ही द्रव्यं काही प्रमाणात अडवतात. मला यातला आतड्याच्या अस्तराचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. अशा खाण्यानं ते अस्तर पाझरू लागतं, जंतूंची विषारी द्रव्यं रक्तातून थेट यकृतात जातात आणि तिथं दाह वाढतो. अर्क दिलेल्या उंदरांत हे पाझरणं कमी झालं.

माणसांवरच्या चाचण्या लहान आहेत. काहींत एएलटी, एएसटी ही यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स थोडी उतरली, एवढंच.

(दृश्य : औषधांच्या दुकानातली काचेची मांडणी)

म्हणून कपभर बिनसाखरेचा हिरवा चहा खुशाल घ्या. गोड चहाच्या जागी घेतलात तर साखर तरी सुटते. पण वजन घटवायच्या कॅप्सूलपासून जपा. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2018 साली सांगितलं, की पूरक गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांत यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसली. ज्याला वाचवायचं, त्यालाच मार!

(दृश्य : संध्याकाळ, अंबाझरीच्या काठानं चालणारी माणसं)

वजन जादा असेल, तर एकूण वजनाच्या 7 ते 10 टक्के उतरलं की यकृतातली चरबी घटते, सूजही ओसरते. त्यासाठी रोजचं चालणं हवं आणि ताटातलं तेल-साखर कमी हवी. अशी कॅप्सूल आधीच सुरू असेल, तर पुढच्या तपासणीला डबी सोबत न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. 'वनस्पतीचंच तर आहे' म्हणून ती घरी ठेवू नका.