हलता ठिपका आणि त्याची मुदत

मंडळी, लग्नाच्या कार्यालयाची पिन पाठवणं वेगळं. कार्यालय काही हलत नाही. आज मी बोलणार आहे ते हलत्या ठिपक्याबद्दल, म्हणजे नकाशावर सरकणाऱ्या माणसाबद्दल.

२००० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये डेनिस क्राउली आणि ॲलेक्स रेनर्ट यांनी ‘डॉजबॉल’ सुरू केलं. तेव्हाच्या फोनमध्ये जीपीएस कुठलं? ‘मी अमुक कॅफेत आहे’ असा मेसेज तुम्ही करायचा आणि ती सेवा तो आसपासच्या मित्रांना कळवायची. २००५ मध्ये गूगलने ती विकत घेतली, २००९ मध्ये बंद केली. क्राउलीने लगेच नवीन सेल्वादुराई नावाच्या जोडीदाराबरोबर ‘फोरस्क्वेअर’ काढलं. तिथेही ‘मी आलोय’ हे आपणच कळवायचं, चेक-इन करून. त्याच वर्षी फेब्रुवारीत गूगलचं ‘लॅटिट्यूड’ आलं. त्यात एकदा परवानगी दिली की बाकी काही करायला नको. फोन खिशात, ठिपका मित्रांच्या नकाशावर.

इथे गोष्ट बदलली. चेक-इन करणारा एखाद्या दिवशी गप्प राहिला तर कोणी विचारत नाही. सतत दिसणारा माणूस मात्र तासभर दिसेनासा झाला की लगेच, ‘बंद का केलंस? कुठे होतास?’ दाखवणं ही रीत झाली की न दाखवणं हा गुन्हा ठरतो. माझा आक्षेप आहे तो यालाच.

लॅटिट्यूडमध्ये एक गंमत होती. आपली जागा हाताने बदलता यायची. बसा पुण्यात, दाखवा नाशिक! मला ती सोय फार शहाणपणाची वाटते. २०१३ मध्ये लॅटिट्यूड गेलं आणि २०१७ मध्ये हीच कल्पना गूगल मॅप्समध्ये परत आली. आता तर समोरच्याला तुमच्या फोनची बॅटरी किती उरलीय तेही दिसतं. ‘फोन बंद पडला होता’ ही आपली लाडकी थाप गेली. (हशा)

त्याच २०१७ मध्ये व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आलं. मुदत तीनच: १५ मिनिटं, १ तास, ८ तास. ‘कायमचं’ हा पर्यायच नाही. रात्री उशिरा रिक्षाने येणाऱ्या मुलीला एवढं पुरतं. ती घरी पोचली, विषय संपला. गूगल मॅप्समध्ये मात्र ‘मी बंद करेपर्यंत’ असाही पर्याय आहे, आणि आपण तो निवडून विसरून जातो. आज घरी गेल्यावर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवा, लोकेशन शेअरिंग उघडा आणि यादी वाचा. सोडून गेलेल्या नोकरीतला एखादा सहकारी अजून त्यात सापडेल.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका नायजेरियन आरोपीला जामीन देताना अट घातली होती, की गूगल मॅप्सवर पिन टाकून ठेवायची, म्हणजे तपास अधिकाऱ्याला तो कुठे आहे ते दिसेल. ८ जुलै २०२४ ला न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी ती अट रद्द केली. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवणं हा त्याच्या खासगीपणाच्या हक्कावर घाला आहे, असं त्यांनी म्हटलं. गंमत म्हणजे, अशा पिनमुळे कुणाचा माग काढता येतच नाही, हे गूगलने न्यायालयाला आधीच सांगितलं होतं.

आरोपीला जे मिळालं, ते कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलांना घरात मिळतं का, हे ज्याचं त्याने पाहावं.

विसरभोळेपणा वाढलेल्या वडिलांचं काय, असं मघाशी एका बाईंनी विचारलं. तिथे मी मुदतीचा आग्रह धरणार नाही. त्यांना कळतंय तोवर विचारून घ्या आणि मग ठेवा चालू. फक्त फोन घरीच विसरून ते बाहेर पडले तर ठिपकाही घरीच दिसत राहील. म्हणून सदऱ्याच्या खिशात नाव आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी हवीच.