वाऱ्याचं भांडण नदीशी लावून द्या

(अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या मराठी मंडळात झालेलं हे व्याख्यान, थोडी काटछाट करून.)

नमस्कार. मागच्या खेपेला याच खोलीत गुडघेदुखीवर व्याख्यान झालं, तेव्हा बाहेर खुर्च्या टाकाव्या लागल्या होत्या. आज मागच्या दोन रांगा रिकाम्या आहेत, म्हणजे विषय लोकांना नीट कळलेला दिसतोय. ऑक्टोबरच्या वाऱ्यात, बारा फुटी प्लास्टिकच्या होडक्यात बसून सस्क्वेहाना नदीवर मासे गरवायला जायचं. हौस म्हणा, खूळ म्हणा. आमच्या घरी तिसराच शब्द वापरतात.

नदी तुमच्या रोजच्या रस्त्यातली आहे. हॅरिसबर्गला पूल ओलांडताना जवळजवळ मैलभर रुंद पात्र दिसतं, तीच. न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउनच्या तळ्यातून निघते आणि ७०० किलोमीटरहून जास्त वाट काढत चेसापीकच्या उपसागराला मिळते. एवढा पसारा, पण आपल्या भागात उन्हाळा सरता सरता बरीचशी नदी कमरेइतकीच असते. तळाला आडवे कातळ, घाटाच्या पायऱ्यांसारखे. मोठी बोट तिथे बूड खरवडून घेते. कयाक, म्हणजे माझं हे अरुंद होडकं, वरून निघून जाते.

आणि मासा कोणता? स्मॉलमाउथ बास. पितळी अंग, त्यावर उभे काळपट पट्टे, डोळ्यात लाली. तो मूळचा या नदीतला नाही, एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणून सोडला. आता मात्र सगळे त्याला इथलाच समजतात. आपलं अजून तेवढं झालेलं नाही. पाणी गार व्हायला लागलं की हा मासा उथळ खळाळ सोडून डोहांकडे सरकतो आणि हिवाळ्यात निपचित पडून राहायच्या आधी भरपूर खाऊन घेतो. त्यामुळे वर्षातले सगळ्यात जाडजूड मासे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागतात, आणि वाराही नेमका तेव्हाच सुटतो.

आता मुद्द्यावर येतो. फॉलमध्ये, म्हणजे पानगळीत, इथे दर काही दिवसांनी कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेची आघाडी, येतो. तो यायच्या आधी वारा दक्षिणेकडून, जरा उबदार आणि ढगाळ. तो पुढे सरकला की वारा फिरतो आणि वायव्येकडून झोंबायला लागतो, आकाश धुतल्यासारखं निळं. फोटो काढायचा दिवस हा दुसरा. तुम्ही सगळे पानांचे रंग बघायला बाहेर पडता तो.

वरच्या अंगाच्या डंकनन गावापासून हॅरिसबर्गपर्यंत नदी साधारण आग्नेयेकडे वाहते. म्हणजे वायव्येचा वारा थेट तिच्या पाठीवर. प्रवाह तुम्हाला ढकलतोय, वाराही त्याच दिशेने ढकलतोय. आमिष तळाला टेकायच्या आत मासा बसलेला कातळ मागे पडलेला असतो. दक्षिणेचा वारा असला की उलट. प्रवाह पुढे नेतो, वारा छातीवर हात ठेवून थांबवतो, आणि होडी जवळजवळ जागेवर राहते. वल्ह्याचा एखादा फटका मारला की पुरे. अशा दिवशी मी एकेका डोहावर अर्धा अर्धा तास काढलाय, नांगर न टाकता. लोक म्हणतात, वाऱ्याशी झुंजायचं. मी म्हणतो, तुम्ही कशाला झुंजता? त्याचं नदीशी भांडण लावून द्या आणि मधे बसून मासे धरा.

याची किंमत मोजावी लागते, हेही सांगतो. प्रवाहाच्या विरुद्ध वारा असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, पाणी मांडीवर येतं. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १० मैलांचा वारा २० झाला तर धक्का दुप्पट नाही, चौपट. माझी मर्यादा १५. फेसाळ शेंडे दिसले की मी कयाक गाडीवरून उतरवतच नाही. आमचे आजोबा मालवणजवळ खाडीत होडकं घालायचे. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर जायचं आणि ऊन चढून खारा वारा भरायच्या आत परत यायचं, असा त्यांचा हिशेब. कधी कधी काठावर नुसते उभे राहायचे, विडी संपवायचे आणि म्हणायचे, "आज नको रे, वारो बरो नाय." घरी परत. लहानपणी मला ते भित्रे वाटायचे.

ते कळायला मला एकदा पाण्यात पडावं लागलं. माझं दुसरंच वर्ष. ऑक्टोबरची अखेर, वायव्येचा वारा, होडी एका जागी थांबेना. बसल्या जागी हाताला येईल म्हणून मी नांगराची दोरी बाजूच्या कडीला अडकवली आणि नांगर सोडला. नांगर कातळात धरला, दोरी ताणली, होडी प्रवाहाला आडवी झाली. वरच्या अंगाची कड खाली गेली आणि पाणी आत आलं. हे सगळं मी आत्ता वाक्य बोललो त्याच्या निम्म्या वेळात. चष्मा, दोन रॉड आणि पोह्यांचा डबा नदीला दिला. डबा सासूबाईंचा होता.

नांगर नेहमी टोकाकडून, पुढच्या किंवा मागच्या, आणि सुरी हाताशी. मी तर आता वाहत्या पाण्यात नांगर वापरतच नाही. मागच्या टोकाला हातभर साखळी बांधतो. ती तळावर घासत राहते, होडीचा वेग कमी होतो, अडकली तर सोडून देता येते. ती वाजते, कातळावरून जाताना सगळ्या होडीत खरखर ऐकू येते. मासे पळत असतील असं वाटतं, पण माझा तसा अनुभव नाही. नुसता वारा ढकलत असेल आणि पाणी संथ असेल तर कापडी पिशवीसारखी एक पाण्यातली छत्री मिळते, ती बरी.

त्या दिवशी पाणी छातीइतकंच होतं. पडलो की उभं राहावंसं वाटतं, आणि तेच करायचं नाही. कातळाच्या फटीत पाय अडकला आणि प्रवाहाने पाठीवर रेटलं तर छातीइतकं पाणी डोक्यावरून जातं. पाठीवर पडायचं, पाय वर, बोटं पुढे, आणि तिरकं काठाकडे सरकायचं. थंड पाण्याचा एक ढोबळ हिशेब आहे, १-१०-१. पहिलं एक मिनिट श्वास सांभाळायचं. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात. शुद्ध हरपायला तासभर. लाइफ जॅकेट नसेल तर पहिल्या मिनिटातच आटोपू शकतं, मग बाकीच्या आकड्यांची गरज पडत नाही. पेनसिल्व्हेनियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल कयाकमध्ये ते अंगात घालावंच लागतं, असा कायदा आहे. मी बाराही महिने घालतो. हॅरिसबर्गच्या डॉक स्ट्रीटच्या बुटक्या बंधाऱ्यापाशी तर जाऊच नका. वरून बघितलं तर नुसती एक सपाट रेघ दिसते. खाली पाणी उलटं फिरून माणसाला धरून ठेवतं. तिथे बरीच माणसं गेली आहेत.

आता थोडं गमतीचं. वाऱ्यात लाइनला, म्हणजे गळाच्या दोरीला, पोट सुटतं. विणलेली लाइन हलकी, ती पतंगाच्या मांज्यासारखी फुगते आणि मासा तोंड लावून गेला तरी बोटाला कळत नाही. म्हणून रॉड डोक्यावरून नाही, बाजूने, पाण्यालगत फिरवून गळ फेकायचा आणि रॉडचं टोक पाण्यात बुडेल इतकं खाली ठेवायचं. दुसरी कटकट पानांची. सिकॅमोर झाडाचं पान बशीएवढं असतं. गळाला लागलं की रॉड वाकतो, काळजात धस्स होतं, आणि ओढून बघावं तर पान. फरक असा की पान नुसतं जड लागतं आणि मासा मान झटकतो. हे मला माहीत आहे, तरी दर वेळी फसतो.

वारा फारच असेल तर रॉकव्हिलच्या रेल्वे पुलाकडे जातो. १९०२ चा दगडी पूल, ४८ कमानी. एकेका खांबामागे शांत पाण्याचा पट्टा असतो. तिथे आपल्यालाही दम घेता येतो आणि माशालाही. जरा वर, डॉफिनजवळ, जुन्या पुलाच्या उरलेल्या खांबावर स्वातंत्र्यदेवीची छोटी प्रतिकृती उभी आहे. पहिली १९८६ साली कोणीतरी गंमत म्हणून, खिडकीच्या पट्ट्यांपासून बनवून, रातोरात ठेवली होती. ती वादळात गेली, मग लोकांनी वर्गणी काढून दुसरी बसवली. वाऱ्यात टिकेल अशी.

काकू विचारतायत, इतका आटापिटा करून मासा खाता का? नाही, सोडून देतो. हो, मालवणचा असून. घरी फ्रीझरमध्ये बांगडा आहे, इंडियन स्टोअरचा.

कयाक बाहेर पार्किंगमध्ये माझ्या गाडीवर बांधलेली आहे. चहा घ्या आणि या, कोणाला बसून बघायचं असेल तर खाली उतरवू. दोघंजण लागतील धरायला, ३५ किलोची आहे.