शहाण्णवपैकी किती?

श्रोतेहो, नमस्कार.

बुद्धी मोजायची हौस आपल्याला जुनीच. बुद्ध्यांक झाला, भावनिक बुद्धिमत्ता झाली, आता आध्यात्मिक बुद्धिमत्ताही मोजतात. कॅनडातल्या ट्रेंट विद्यापीठात डेव्हिड किंग यांनी २००८ साली त्यासाठी २४ विधानांची प्रश्नावली केली. प्रत्येक विधानाला शून्य ते चार गुण, म्हणजे पैकीच्या पैकी ९६. ऑक्सफर्डची २९ विधानांची आनंदाची प्रश्नावली विद्यार्थ्यांकडून सोबत भरून घ्यायची आणि दोन्हींचा मेळ बघायचा, म्हणजे एकीत जास्त गुण मिळवणाऱ्याला दुसरीतही जास्त मिळतात का ते. विद्यापीठांतल्या अशा पाहण्यांत तो बहुधा जुळतो.

‘आध्यात्मिक’ ऐकून आईवडील खूश होतील, पोरगं देवाला लागलं म्हणून! पण उपास किती केले, हे इथे कुणी विचारत नाही. आपण का जगतो हा प्रश्न पडतो का, स्वतःपलीकडचं काही जाणवतं का, मन हवं तेव्हा ध्यानासारख्या खोल अवस्थेत नेता येतं का, आणि रोजच्या जगण्यात, अपयशातसुद्धा, अर्थ सापडतो का, हे विचारतात.

मला यातलं शेवटचं मोलाचं वाटतं. पुण्यात सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या एखाद्या अभ्यासिकेत डोकावा. टेबलाच्या फळीवर चिठ्ठी डकवलेली असते, ‘उपजिल्हाधिकारी’. शेजारी मेसचा हिशेब. जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत. पूर्वपरीक्षेत पुन्हा दोन-चार गुणांनी हुकलं की तीच चिठ्ठी डोळ्यांत खुपायला लागते. पद नाही मिळालं तर मी कोण? धाकट्या बहिणीचं शिक्षण, एनएसएसच्या शिबिरात बांधलेला बंधारा, गणित विचारायला येणारी शेजारची पोरं, असं काही ज्याच्या गाठीशी आहे, तोही कोलमडतो. पण सावरायला त्याला हाताशी काहीतरी असतं.

अर्थात मेळ जुळला म्हणून कारण सापडलं असं नाही. मुळात आनंदी असलेल्यालाच जगण्यात अर्थ दिसत असेल! शिवाय दोन्ही प्रश्नावल्या तोच मुलगा, त्याच बाकावर, तास सुटायची वाट बघत भरतो. आणि खोलीभाडं थकलेल्या पोराला ध्यान कसलं शिकवता? त्याची शिष्यवृत्ती आधी वेळेवर द्या. झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर आध्यात्मिक पुस्तकं चाळत बसू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक फिरवा, मराठीतही बोलता येतं.

प्राध्यापक मंडळी, एवढं करा. भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा बांधण्याआधी त्यातलं एखादं विधान वर्गात वाचा आणि अर्धा तास मुलांना बोलू द्या. सुरुवात मागच्या बाकापासून करा.

नमस्कार.